ओट्यावरचा चंद्र

आमच्या ओट्यावर एक पांढरा चंद्र होता. शेगडीच्या डाव्या अंगाला, जिथे लिंबाच्या लोणच्याची बरणी असायची, बरोबर तिथे. बरणीच्या बुडाएवढं गोल कडं. सासूबाईंनी त्याला राखेने घासलं, मी नाना पावडरींनी घासलं, कामाच्या मावशींनी त्याच्यापायी दोन तारेच्या घासण्या झिजवल्या. चंद्र जागच्या जागी. गंमत म्हणजे ओलं फडकं फिरवलं की तो मावळायचा आणि ओटा वाळला की पुन्हा उगवायचा!

स्वयंपाकघर नवं करायचं असं घरात बरेच दिवस चाललं होतं. घर पंचवीस वर्षांचं, स्वयंपाकघर आठ बाय सात. सिंकखालून वास यायचा, नळाची धार तीन दिशांना उडायची, ओट्याखाली अंधार आणि त्या अंधारात झुरळं. मॉड्युलर किचनवाल्यांना बोलावलं. त्यांनी टेप लावली, लॅपटॉपवर गुळगुळीत चित्र दाखवलं आणि एक आकडा सांगितला. मी त्यांना पाणी दिलं. ते गेल्यावर स्वतःही प्यायले. आमच्या हातात होते ६० हजार.

मग आले मिस्त्री. त्यांनी चंद्रावरून बोट फिरवलं, मान तिरकी करून उजेडात पाहिलं आणि म्हणाले, "ताई, हा डाग नाही. दगड खाल्लाय लिंबानं."

दगड खाल्लाय? लिंबाने?

इथून पुढे माझं स्वयंपाकघराकडे बघणंच बदललं. आणि सांगते, थोडेफार पैसेही वाचले.

आमचा ओटा कडप्प्याचा. आंध्रातल्या कडपा जिल्ह्यावरून हे नाव पडलं. कडप्पा म्हणजे काळा दगड एवढंच आपल्याला ठाऊक असतं, पण जातीने तो चुनखडी आहे. एका फार फार जुन्या, उथळ समुद्राच्या तळाशी चुन्याचा बारीक चिखल बसत गेला, थरावर थर, थरावर थर, आणि दाबाखाली त्याचा दगड झाला. किती जुना? तेव्हा समुद्रात एक मासा नव्हता, जमिनीवर गवताचं पातं नव्हतं. जे काही जिवंत होतं त्यातलं बहुतेक नुसत्या डोळ्यांना दिसलंही नसतं. डायनासोर त्या मानाने परवाचे. आपला सह्याद्रीचा काळा कातळ, ज्याचे पाटे-वरवंटे झाले, तो साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. कडप्प्यापुढे तो पोरगेलासा म्हणायचा. आणि ह्या असल्या दगडावर आपण कांदा चिरतो, पिठाचे हात पुसतो!

आता लिंबाचं. चुनखडीवर आंबट पडलं की दोघांची झटापट होते. दगडाचा तेवढा अंश विरघळतो आणि कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. बरणीच्या बुडाला लागलेला खार पंचवीस वर्षं हेच करत होता. म्हणजे आम्ही जे घासून काढायला बघत होतो ते दगडावर बसलेलं काही नव्हतंच. होता तो एक उथळ खळगा. खळगा कुणाला घासून काढता आलाय? उलट तारेची घासणी बिचारी तो वाढवत होती.

मग तो पांढरा का दिसायचा? दगडाचं अंग गुळगुळीत असलं की उजेड आत शिरतो आणि दगडाचा खरा गडद रंग दिसतो. अंग खरबरीत झालं की उजेड वरच्यावरच दाही दिशांना फाकतो आणि आपल्या डोळ्यांना पांढुरका भास होतो. दुधी काच दुधी दिसते ती ह्याच कारणाने. ओलं फडकं फिरवलं की पाणी त्या खळग्यांत भरतं, अंग तात्पुरतं सपाट होतं आणि चंद्र मावळतो. माझी आजी कडप्प्याच्या फरशीवर खोबरेल तेलाचा हात फिरवायची. मला वाटायचं, जुन्या बायकांची हौस. ती तेलाने खळगे बुजवत होती.

हे कळल्यावर ओटा फोडून ग्रॅनाइट घालायचा बेत तिथेच गळाला. खळगा घासून जात नसेल, तर आजूबाजूचा दगड त्याच्या पातळीला आणायचा. त्यालाच पॉलिश म्हणतात. एक माणूस मशीन घेऊन आला, पाणी सोडत आधी भरड, मग मध्यम, मग बारीक असे घोटायचे दगड बदलत गेला. स्वयंपाकघरभर करड्या रंगाचं पातळ पिठलं झालं. पाणी ओढून घेतल्यावर खाली काळाभोर आरसा! पॉलिशमध्ये वरून काही लावलं असेल असं मला वाटत होतं. काहीच नाही. फक्त ओरखडे लहान लहान होत गेले, इतके की उजेडाला त्यात अडखळायला जागाच उरली नाही.

कडप्पा ग्रॅनाइटपेक्षा स्वस्त का, हेही ह्याच गोष्टीत आहे. तो थराथरांनी बसलेला, म्हणून थरांवरच सुटतो. पाचर मारली की वडीच्या पदरासारखी लादी निघते. कापायचं निम्मं काम समुद्राने आधीच करून ठेवलंय. ग्रॅनाइट जमिनीच्या पोटात सावकाश थंड झालेला, एकसंध. त्याला थर नाहीत, म्हणून तो हिऱ्याचे दाते असलेल्या करवतीने कापावा लागतो. बरं, दुकानात 'काळा ग्रॅनाइट' म्हणून जो मिळतो त्यातला बराचसा भूवैज्ञानिकांच्या लेखी ग्रॅनाइट नसतोच. आपल्या सह्याद्रीच्या दगडाचा तो चुलतभाऊ, फक्त निवायला जास्त वेळ मिळालेला. पण लिंबाला तो दाद देत नाही, हे मात्र खरं.

ओट्याखालची एक विटांची आधारभिंत ओलीने भुसभुशीत झाली होती, ती नव्याने बांधायची होती. शिवाय ओट्याच्या मागच्या टाइल्स पोकळ वाजत होत्या, त्या काढून गिलावा करायचा होता. सिमेंटची पोती आली. आणि दुसरा धक्का बसला. सिमेंट कशाचं करतात? चुनखडीचंच! चुनखडी आणि चिकणमाती एकत्र दळायची, साधारण १४५० अंश सेल्सिअसला भाजायची, त्याचे गोळे होतात, ते पुन्हा दळायचे. चंद्रपूर जिल्ह्यात गडचांदूर, आवारपूरकडे सिमेंटचे कारखाने का आहेत? पायाखाली चुनखडी आहे म्हणून. मद्रासच्या गाडीने जाताना वाडी जंक्शनला जी धूळ दिसते तिचंही मूळ तेच. कडपा जिल्ह्यातही सिमेंटचे कारखाने आहेत. म्हणजे ओट्याचा दगड आणि त्याला तोलणाऱ्या भिंतीतला मसाला, दोघं एकाच कुळातले.

आपण म्हणतो सिमेंट 'वाळलं'. सिमेंट वाळत नाही! चिखल वाळतो, कपडे वाळतात. चिखलात पाणी घातलं की तो पुन्हा चिखल. सिमेंटचं तसं होत नाही, कारण त्यातलं पाणी उडून गेलेलं नसतं, ते आतच कामाला लागलेलं असतं. सिमेंटचा कण पाणी पितो आणि त्याच्या अंगावर सूक्ष्म काटे, तंतू उगवायला लागतात. शेजारच्या कणाचे तंतू ह्याच्या तंतूंत गुंततात. लोकरीच्या दोन गुंड्या मांजराने एकत्र केल्या की सोडवून दाखवा, तसं. म्हणून तर सिमेंट पाण्याखालीही घट्ट होतं, नाहीतर पुलाचे खांब नदीत कसे उभे राहिले असते? आणि म्हणूनच मिस्त्री जाताना बजावून गेले, "पाणी मारा. सकाळ-संध्याकाळ. सात दिवस. चुकवू नका." पाणी मारलं नाही तर कण तहानलेला राहतो, तंतू अर्धवट वाढतात आणि भिंत बाहेरून टणक दिसली तरी नखाने भुगा पडतो. सिमेंटची ताकद मोजायचा दिवस ठरलेला आहे: अठ्ठाविसावा. पहिल्या आठवड्यात त्यातला मोठा हिस्सा कमावला जातो.

सासूबाई रोज सकाळी तुळशीला पाणी घालून झालं की तोच तांब्या घेऊन स्वयंपाकघरात यायच्या आणि भिंतीवर पाणी मारायच्या. आता वाटतं, त्या दोन्हीकडे एकच काम करत होत्या. वाढणाऱ्या गोष्टीला पाणी घालणं. सगळ्या खर्चात हे काम फुकट होतं, आणि नेमकं तेच लोक टाळतात.

आणखी एक. दळलेल्या गोळ्यांत थोडंसं जिप्सम मिसळलेलं असतं. का? ते नसतं तर पाणी घातल्याघातल्या घमेल्यातच दगड झाला असता आणि मिस्त्रींची थापी त्यात अडकली असती. चिमूटभर जिप्सम सिमेंटला म्हणतं, जरा दमानं घे. त्या थांबण्याच्या तासा-दोन तासांत जगातली सगळी बांधकामं होतात! आणि ह्या सिमेंटचं पेटंट १८२४ साली कुणी घेतलं? इंग्लंडातल्या लीड्सच्या जोसेफ आस्पडिनने. व्यवसाय: गवंडी. हे मी मिस्त्रींना सांगितलं तेव्हा त्यांनी विडी विझवली आणि म्हणाले, "मग? हापिसात बसून सापडतंय व्हय?"

तिसऱ्यांदा तोच दगड भेटला नळाच्या तोंडाशी. तीन दिशांना उडणारी धार म्हणजे नळ गेला, नवा आणायचा, असं आम्ही धरून चाललो होतो. मिस्त्रींनी तोंडाची जाळी आटे फिरवून काढली. तिच्यावर पांढरा खडबडीत थर. क्षार, आपण म्हणतो. हा क्षार म्हणजे बहुतांशी चुनखडीच. जमिनीत मुरणारं पाणी जाता जाता कॅल्शियम विरघळवून घेतं, बोअरमधून वर येतं आणि नळाच्या तोंडाशी थेंब सुकला की ते तिथेच सोडून जातं. आंध्रात बेलमच्या गुहा आहेत, कडप्प्याच्याच पट्ट्यातल्या. तिथे पाण्याने चुनखडी विरघळवून तीन किलोमीटरहून लांब भुयारं कोरली आणि छतावरून लोंबणारी दगडी झुंबरंही केली. आमच्या नळावर तीच कारागिरी चालली होती, फक्त बारक्या मापात. उपाय अर्थातच ठाऊक होता. जो ओट्याचा शत्रू, तोच नळाचं औषध! जाळी वाटीभर लिंबूरसात रात्रभर बुडवली. सकाळी स्वच्छ. नळाचे पैसे वाचले, लिंबं गेली चार.

मग सिंक. माझी फार इच्छा होती की सिंक खिडकीखाली यावं. भांडी घासताना बाहेरचं जांभळाचं झाड दिसावं, दुसरं काय. मिस्त्रींनी खिशातून एक पारदर्शक नळी काढली. पाण्याने भरलेली, दहा-बारा हात लांब. तिला टिचक्या मारून आतला बुडबुडा बाहेर काढला, एक टोक मला धरायला लावलं आणि दुसरं घेऊन ते कोपऱ्यापलीकडे दिसेनासे झाले. "पाणी थांबलं की खूण करा!" मी भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली, त्यांनी तिकडे मारली. दोन्ही रेघा अगदी एका पातळीत. मध्ये भिंत, फ्रिज, दारं काही असो, नळीतलं पाणी दोन्ही टोकांना समान उंचीवरच थांबणार. बॅटरी नाही, लेझर नाही.

त्या रेघांवरून हिशोब निघाला. सांडपाण्याच्या पाइपाला फुटामागे पाव इंच उतार तरी लागतो. आताचं सिंक मुख्य पाइपापासून तीन फुटांवर, खिडकी अकरा फुटांवर. म्हणजे पाइप पावणेतीन इंच खाली जायला हवा. खाली स्लॅब. स्लॅबमध्ये तर पाइप घुसवता येत नाही, मग सगळी जमीनच वर उचलायची, फरशा नव्या, दाराची चौकट कापायची... झाडाचं दर्शन मला चाळीसेक हजारांना पडलं असतं. सिंक आहे तिथेच राहिलं. पाण्याला ढकलणारा मोटारपंप सांडपाण्याच्या पाइपात नसतो, त्याचं सगळं काम त्या पाव इंचाच्या उतारावर चालतं, हे तोवर माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

वासाचं कारण सापडलं ते ऐकून तर मी जमिनीवरच बसले. सिंकची नळी सरळ जमिनीतल्या भोकात खुपसलेली होती. कधीतरी कुणीतरी मधला ट्रॅप काढून टाकला होता. ट्रॅप म्हणजे काय? पाइपाला दिलेला एक वाक, ज्यात दोन इंच पाणी कायम तुंबून राहतं. बस. पाणी हाच दरवाजा. वरून नवं पाणी आलं की जुनं पुढे ढकललं जातं आणि दार पुन्हा लागतं. वासाला, गटाराच्या हवेला त्यातून वर येता येत नाही. एकही हलणारा भाग नाही, म्हणून बिघडायचंही काही नाही. लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंगने १७७५ साली संडासाच्या भांड्याखाली असा वाक देऊन पेटंट घेतलं. हा गृहस्थ घड्याळजी होता! आयुष्यभर चाकं आणि दाते जुळवणाऱ्या माणसाला सुचलं काय, तर ज्यात फिरणारं काहीच नाही असं यंत्र. उन्हाळ्यात महिनाभर गावाला जाऊन आलं की बंद घरात जो वास येतो, तो का येतो हे आता तुम्हीच ओळखा. दारातलं पाणी सुकलेलं असतं. दोन तांबे पाणी ओता, दार लागलं.

ह्या ट्रॅपचं एक नाव मला फार आवडलं. जमिनीत बसवतात त्याला देशभरचे प्लंबर आणि इंजिनिअरिंगची इंग्रजी पुस्तकंसुद्धा 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. नहाणी म्हणजे आपली न्हाणी! आमचा नवा ट्रॅप साडेतीनशे रुपयांना आला. चार वर्षं मी अगरबत्त्यांवर त्याहून जास्त घालवले असतील.

ओट्याखाली कडप्प्याची मांडणी होती तीच ठेवली, पुढे दारं लावली. सिलिंडरच्या कप्प्याच्या दाराला सुताराने वरच्या बाजूला झकास नक्षीची जाळी केली होती. मिस्त्रींनी ती उलटी बसवायला लावली, जाळी खाली. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो वर जात नाही, पाण्यासारखा जमिनीवर पसरतो. वाट द्यायची तर पायाशी. नक्षी आता मांजराला दिसते.

आता राहिली रचना, आणि तिला पैसे पडत नाहीत. १९२६ साली मार्गारेट श्युटे-लिहोत्स्की ह्या वास्तुरचनाकार बाईंनी फ्रँकफुर्टमधल्या कामगारांच्या घरांसाठी एक स्वयंपाकघर आखलं. लांबी-रुंदी साधारण १.९ मीटर बाय ३.४ मीटर, म्हणजे सत्तरएक चौरस फूट. आमच्यापेक्षा थोडंसंच मोठं. ते नेमकं कशावरून सुचावं? आगगाडीच्या डायनिंग कारवरून! डब्याच्या कोपऱ्यातल्या एवढ्याशा जागेत आचारी शेकडो जणांचं जेवण करतो, तो काही तिथे पळत नाही. हात लांब केला की वस्तू. बाईंनी घड्याळ लावून बायकांची पावलं मोजली, काय कुठे असलं की किती चालणं वाचतं ते पाहिलं. पिठासाठी ओकच्या लाकडाचे खण केले, कारण ओकला पिठातल्या अळ्या लागत नाहीत. अशी हजारो स्वयंपाकघरं बांधली गेली, आणि आज ज्याला आपण मॉड्युलर किचन म्हणतो त्याची आजी ती. आणि बाईंनीच पुढे सांगितलं की तोवर त्यांनी स्वतः कधी स्वयंपाक केला नव्हता! सासूबाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणूनच सुचलं. आम्हाला वेळ कुठे होता?"

मी खडू घेतला आणि एक दिवस माझीच पावलं मोजली. दोन कप चहाला एकवीस! साखर फ्रिजवर, चहापूड खिडकीत, गाळणं सिंकच्या वरच्या खिळ्याला, कप पार दाराशी. पंचवीस वर्षं रोज दोनदा. मी गुणाकार केला आणि अर्ध्यात सोडून दिला. सगळं शेगडीच्या हाताशी एका फळीवर आणलं. फळी जुन्या पलंगाची. पावलं सात झाली, त्यातली दोन खिडकीशी जाऊन जांभळाचं झाड बघायची.

हिशोब लागला तेव्हा ६० हजारांतले नऊशे उरले होते. मिस्त्री शेवटचे पैसे घ्यायला आले, ओट्यावर हात फिरवला, खाली वाकून तिरप्या उजेडात पाहिलं. चंद्र कुठेच नव्हता. जाताना म्हणाले, "ताई, लिंबू ताटलीत चिरा." लोणच्याची बरणी आता चिनीमातीच्या बशीत असते.

पण त्याच संध्याकाळी, सिंकमागे जिथे कुणाची नजर जात नाही त्या कोपऱ्यात, मी मुलीला बोलावून लिंबाचा एक थेंब टाकला. तिच्या हातात आजोबांचं भिंग होतं. बराच वेळ काही दिसेना. मग तिने श्वास रोखला. थेंबाच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढा बुडबुडा धरला, मग दुसरा, मग चार-पाच. मासे नसलेल्या समुद्राच्या वरची जी हवा होती, तिच्यातला वायू त्या चिखलात अडकला होता. तो आत्ता सुटत होता, आमच्या आठ बाय सातच्या खोलीत, फोडणीच्या वासात मिसळत.

"आई, अजून एक टाकू?" ती म्हणाली. मी आधी सासूबाई कुठे आहेत ते पाहिलं.